लॉन मोव्हर सुरू होत नाही? आधी पेट्रोल, मग प्लग, कार्बोरेटर शेवटी

जूनमध्ये दोन चांगल्या सरी पडल्या की नाशिकच्या बंगल्यांतली हरळी आठवड्याभरात घोट्याला लागते. मग जिन्याखाली पडून असलेला मोव्हर बाहेर निघतो, दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि इंजिन काही सुरू होत नाही. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या सोसायट्या, लग्नाची लॉन्स, त्र्यंबक रोडवरची फार्महाऊस, सगळीकडून हीच तक्रार येते.

बिघाड बहुतेक वेळा छोटा असतो. चुकीच्या क्रमाने हात घातला की तो मोठा होतो. आधी तीस वेळा दोरी ओढली जाते, त्याने सिलिंडरमध्ये पेट्रोल साठतं. मग कोणीतरी थेट कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलतं आणि गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग कुठे लागत होती तेच कळत नाही. मग स्क्रू फिरवले जातात. आणि टाकीत असतं गेल्या दिवाळीचं पेट्रोल. चांगली इंजिनं अशी हकनाक भंगारात जातात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा धरू नका.

हे मार्गदर्शन दोरीने सुरू होणाऱ्या फोर स्ट्रोक पेट्रोल मोव्हरसाठी आहे. टू स्ट्रोक ब्रश कटरचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. आकडे मॉडेलप्रमाणे थोडे बदलतात. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

## तयारी

जागा उघड्यावरची, सावलीतली आणि सिमेंटची सपाट हवी. गवतावर काम करू नका. पडलेला नट सापडत नाही आणि गवतात पातं अडकून दोरी जड लागते, मग बिघाड इंजिनातच आहे असं वाटत राहतं. बंद पार्किंगमध्ये नको. गॅस गिझर चालू असेल किंवा तुळशीपुढे दिवा लावलेला असेल तिथे तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत लांबपर्यंत जाते.

हाताशी एवढं ठेवा: प्लग पाना (बऱ्याच मोव्हरना २१ मिमीचा लागतो, काहींना १६ मिमीचा), १० मिमीचा पाना, टेस्टर, पक्कड, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पितळी तारांचा ब्रश, सुती कापड, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, जुन्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार आणि एक स्वच्छ रिकामी काचेची बाटली. ही बाटली नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका. मोबाइलही जवळ असू द्या. काही खोलण्याआधी दोन बाजूंनी फोटो काढायचा आहे.

सावधान: मोव्हरच्या खाली हात घालण्याआधी, पातं हलवण्याआधी, मोव्हर कलता करण्याआधी प्लगची टोपी काढा आणि लांब बांधून ठेवा. इंजिन बंद असलं तरी हाताने पातं फिरवताना ते एक ठोका घेऊ शकतं, आणि बोटं जायला तेवढा ठोका पुरतो. माळीकाका काम करत असतील तर त्यांनाही हे आधी सांगा.

सावधान: मोव्हर कलता करायचा तर टाकी रिकामी करून, आणि एअर फिल्टर व कार्बोरेटरची बाजू वर ठेवून. उलट्या बाजूला कलवला तर इंजिनातलं ऑईल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. मोव्हर धुतला, आता सुरूच होत नाही, या तक्रारीत पुष्कळदा हेच झालेलं असतं.

## १. दोरी ओढण्याआधी

आधी पेट्रोलचा कॉक उघडा आहे का बघा. ज्या मोव्हरला कॉक असतो त्याचा तो गाडीत नेता-आणताना बंद केला जातो आणि तसाच राहतो.

मग हँडलवरचा लिव्हर. हा दांडीला घट्ट दाबून धरल्याशिवाय बहुतेक मोव्हरमध्ये प्लगला करंट जातच नाही. सोडला की इंजिन थांबावं, अशी ती सुरक्षेची सोय आहे. तो दोरीने किंवा तारेने कायमचा बांधून टाकू नका.

थंड इंजिनाला चोक (हवा कमी करणारी पाकळी) पूर्ण लावा. चोकऐवजी रबरी प्राइमर बटण असेल तर ते तीनदा, सावकाश दाबा. बटणाला चीर गेली असेल तर ते नुसती हवा ढकलतं, दाबताना आत पेट्रोल आल्याचा भार बोटाला लागत नाही.

ऑईल बघा. सपाट जागेवर डिपस्टिक पुसून परत घाला आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा. कमी असेल तर काही इंजिनं स्वतःहून करंट तोडतात. जास्त असेल तर धूर येतो आणि प्लग ऑईलने माखतो. नाशिकच्या हवेला बहुतेक इंजिनांत १०डब्ल्यू-३० चालतं. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी चोक लावून इंजिन सुरू व्हायला हवं. थंडीवर खापर फोडू नका.

आता दोरी हळू ओढा, अडल्यासारखी लागली की थांबा, परत आत जाऊ द्या, आणि मग एका दमात पूर्ण ओढा. चार-पाच वेळा. त्यात सुरू झाला नाही तर थांबा. पुढची प्रत्येक ओढ चोक लागलेल्या इंजिनात जादा पेट्रोल ढकलते आणि खरी खूण पुसून टाकते.

तपासा: दोरी मुळातच हलत नाही? जोर लावू नका. प्लगची टोपी काढा, मोव्हर कलता करून खाली बघा. डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाखाली, सुकून दगड झालेलं गवत पात्याला धरून ठेवतं, ते लाकडी पट्टीने खरवडून काढा. गवत नसेल तर प्लग काढा, भोकावर कापड टाका आणि दोरी हळूच ओढा. आतून ऑईल किंवा पेट्रोल उडालं तर सिलिंडर भरलेला होता, म्हणून दोरी अडली होती. पूर्ण रिकामा होऊ द्या, मग पुढे जा.

## २. पेट्रोल: पहिला संशय इथेच

पडून राहिलेल्या मोव्हरमध्ये सगळ्यात जास्त वेळा खराब निघतं ते पेट्रोल, आणि सगळ्यात कमी वेळा तपासलं जातंही तेच. टाकीत दिसतंय, वासही येतोय, म्हणजे चांगलंच असणार, असं समजलं जातं.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. दुसरीकडे पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग टाकीच्या झाकणातून उडून जातो. मागे उरतं ते जड, चिकट आणि ओलसर. पावसाळ्याच्या हवेत महिनाभर उघड्या टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा भरवसा मी धरत नाही. दिवाळीपासून जूनपर्यंत राहिलेलं तर सरळ बाद.

परीक्षा सोपी आहे. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, पाच मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडासमोर धरा. ताजं पेट्रोल पारदर्शक दिसतं, त्याचा वास नाकात चढतो. शिळं पेट्रोल बिनदुधाच्या चहासारखं दिसतं आणि त्याला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. तळाशी वेगळा थर दिसला, बाटली हलवल्यावर थेंब तळाशी घरंगळताना दिसले, तर पाणी शिरलं आहे. मोव्हर रात्रभर पावसात उभा होता का, झाकणाची रबरी वायसर फुटली आहे का, ते बघा.

खराब निघालं तर असं करा:

१. टाकी पूर्ण रिकामी करा. अर्धी काढून वर नवीन टाकू नका, तळाचं पाणी तळाशीच राहतं.

२. टाकीचा तळ कापडाने पुसून घ्या. गाळ दिसला तर थोडं ताजं पेट्रोल टाकून खळबळून काढा.

३. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला, म्हणजे बाऊलला, निचऱ्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून तिथलंही पेट्रोल काढा. हे फार जण विसरतात. टाकीत नवीन पेट्रोल आणि बाऊलमध्ये जुनंच, मग काही फरक पडत नाही आणि पेट्रोलमध्ये दोष नव्हता असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

४. पाइपमध्ये फिल्टर असेल तर तो उजेडात धरून बघा. काळपट दिसला तर बदला.

५. ताजं पेट्रोल अर्धा लिटरच टाका.

काढलेलं पेट्रोल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. बंद धातूच्या कॅनमध्ये ठेवा आणि गॅरेजवाल्याकडे द्या.

तपासा: कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडा, खाली बाटली धरा, कॉक उघडा. सलग धार पडायला हवी. धार सुरू होऊन बारीक होत थांबली तर टाकीचं झाकण सैल करा. धार परत लागली म्हणजे झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. कुंभारमाशी अशा छिद्रांत मातीचं घर करते, शेडमध्ये ठेवलेल्या मोव्हरच्या सायलेन्सरमध्येही करते. दोन्ही ठिकाणी बघून घ्या.

सावधान: घरात ब्रश कटरही असेल तर दोन कॅन ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात नावं लिहा. ब्रश कटरचं ऑईल मिसळलेलं पेट्रोल मोव्हरमध्ये गेलं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. उलट झालं, म्हणजे साधं पेट्रोल टू स्ट्रोक ब्रश कटरमध्ये गेलं, तर पिस्टन जाम होतो आणि इंजिन कायमचं जातं.

## ३. प्लग: इंजिनाच्या आत काय चाललंय ते इथे दिसतं

ताजं पेट्रोल टाकून चार-पाच वेळा दोरी ओढली, तरी सुरू झाला नाही, की लगेच प्लग काढा. लगेच, कारण थोडा वेळ गेला की ओला प्लग सुकतो आणि खूण जाते. काढण्याआधी भोवतीची माती फुंकर मारून किंवा ब्रशने झाडा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल.

प्लगचं टोक डोळ्याजवळ धरून नीट बघा.

कोरडा आणि स्वच्छ असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. चौथ्या टप्प्यात चोक आणि पाचव्यात ठिणगी बघून मग सहाव्याकडे जा.

ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. एकतर जास्त झालं आहे, नाहीतर ठिणगी नाही.

काळी, कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर हवा कमी पडते आहे. फिल्टर तुंबला आहे किंवा चोक अर्धवट लागलेला राहतो आहे.

काळं, तेलकट, चमकणारं असेल तर ऑईल वर येतंय. पातळी जास्त आहे का, मोव्हर चुकीच्या बाजूला कलवला होता का, ते आधी विचारा. दोन्ही नसेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे.

फिकट तपकिरी असेल तर प्लगची तब्येत चांगली आहे.

पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला तडा असेल तर साफ करत बसू नका, प्लग बदला. तसाही प्लग स्वस्त असतो आणि संशय दूर करायला नवीन प्लग हा सगळ्यात सोपा उपाय आहे. मात्र नंबर तोच हवा. होंडा जीएक्सव्ही १६० सारख्या इंजिनांना एनजीकेचा बीपीआर६ईएस लागतो. दुकानदाराने दुचाकीचा मिळताजुळता प्लग पुढे केला तर घेऊ नका. आटे बसले तरी लांबी वेगळी असली की पिस्टन त्यावर आदळू शकतो.

जुना प्लग वापरायचा तर पितळी ब्रशने साफ करा. फट फिलर गेजने मोजा. बहुतेक मोव्हरना ०.७ ते ०.८ मिमी लागते. कमी-जास्त असेल तर फक्त बाहेरचा वाकलेला काटा हलवा, मधल्याला धक्का लावू नका. बसवताना आधी हाताने आटे लावा. पाना लावून सुरुवात केली आणि आटे तिरके गेले तर अॅल्युमिनियमचं हेड खराब होतं, त्याचा खर्च प्लगच्या कितीतरी पट असतो. हाताने बसल्यावर नवीन प्लग पान्याने अर्धा फेरा आवळा, जुना असेल तर पाव फेऱ्याच्या आतच.

### पेट्रोल जास्त झालं असेल तर

प्लग काढलेलाच ठेवा. टोपी लांब बांधा. चोकचा लिव्हर मागे घ्या, भोकावर कापड टाका आणि सात-आठ वेळा दोरी ओढा, म्हणजे साठलेलं पेट्रोल बाहेर येईल. ते कापड लगेच लांब ठेवा. दहा-पंधरा मिनिटं इंजिन उघडं राहू द्या. मग कोरडा प्लग लावून, चोक न लावता, थ्रॉटल (वेगाचा लिव्हर) पूर्ण ठेवून ओढा. पुष्कळ मोव्हर इथेच सुरू होतात.

## ४. हवा: फिल्टर आणि चोकची पाकळी

फिल्टरचं झाकण काढा. स्पंजचा फिल्टर असेल तर कोमट पाण्यात साबणाने धुवा, पिळा, सावलीत पूर्ण वाळवा, दोन-चार थेंब इंजिन ऑईल लावून परत पिळा. ओला लावू नका. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. हलकेच आपटून धूळ काढा, आणि उजेड आरपार दिसत नसेल तर बदला.

फिल्टर काढलेलाच असताना एक गोष्ट बघा, जी जवळजवळ कोणीच बघत नाही. कार्बोरेटरच्या तोंडात चोकची पाकळी असते. चोकचा लिव्हर (सुरक्षेचा नव्हे) चोकवर न्या आणि पाकळी खरोखर पूर्ण बंद होते का ते डोळ्यांनी बघा. केबल ताणली गेली की लिव्हर चोकवर आणि पाकळी अर्धी उघडी, असं होतं. असं थंड इंजिन कितीही ओढलं तरी सुरू होत नाही, आणि दोष मात्र कार्बोरेटरला दिला जातो. केबलचा क्लॅम्प सैल करून केबल थोडी सरकवा आणि परत आवळा. तसंच, चोक काढल्यावर पाकळी पूर्ण उघडते का तेही बघा.

द्राक्षबागायतदारांसाठी एक खास सूचना: मोव्हर फवारणीच्या एचटीपी पंपाच्या गनने धुऊ नका. त्या दाबाचं पाणी फिल्टरमध्ये, प्लगच्या टोपीत आणि सायलेन्सरमध्ये शिरतं. ओल्या फडक्याने पुसून खालचं गवत खरवडलं तरी पुरतं.

## ५. ठिणगी

पेट्रोल ताजं, प्लग ठीक, हवा मोकळी, तरी सुरू होत नाही? आता करंट बघायचा. इथे दोन माणसं हवीत.

बाजारात वायरीच्या मध्ये लावायचा स्पार्क टेस्टर मिळतो, तो असेल तर उत्तम. नसेल तर प्लग टोपीत घाला, त्याचा धातूचा आट्यांचा भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला टेकवा, आणि रबरी मुठीच्या पकडीने धरा. प्लग त्याच्या भोकापासून लांब असावा आणि भोकावर कोरडं कापड असावं. दुसऱ्या माणसाने लिव्हर दाबून धरायचा आणि दोरी ओढायची. सावलीत बघा. निळसर, टच्चकन आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, मध्येच गायब होणारी ठिणगी कमजोर समजा.

सावधान: आधी सिलिंडर सुकवला नसेल तर ही चाचणी करू नका. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि शेजारी ठिणगी असते. दोरी ओढताना पातंही फिरतं, दोघांचेही पाय डेकपासून लांब हवेत.

नेहमीची चूक: लिव्हर न दाबता ठिणगी बघणं. तेव्हा करंट बंदच असतो. मग कॉइल (ठिणगीचा करंट तयार करणारा भाग) गेली असं ठरतं आणि चांगली कॉइल बदलली जाते.

ठिणगी नसेल तर आधी नवीन प्लग लावून परत बघा. तरीही नसेल तर कॉइलकडून बंद करण्याच्या स्विचकडे जाणारी बारीक वायर तपासा. शेडमध्ये उंदीर ती कुरतडतात आणि उघडी तार बॉडीला टेकली की करंट मरतो. खात्रीसाठी ती वायर कॉइलपासून सोडा आणि परत ठिणगी बघा. आता आली तर कॉइल चांगली आहे, दोष वायरीत किंवा स्विचमध्ये आहे. वायर परत जोडल्याशिवाय मोव्हर चालवू नका. सुटलेल्या वायरीवर इंजिन सुरू झालं तर लिव्हरने बंद होणार नाही.

वायर सोडूनही ठिणगी नसेल तर कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनावरचं चुंबक बसवलेलं जड चाक) यांच्यातली फट बघा. साधारण ०.२५ ते ०.४ मिमी, म्हणजे मधून एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी. चुंबकावर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा. एवढं करून नसेल, तर कॉइल बदलायची.

## ६. पाव चमचा पेट्रोलची परीक्षा

कार्बोरेटर खोलायचा की नाही, हे इथे ठरतं. प्लग काढा, भोकात पाव चमचा ताजं पेट्रोल सोडा, प्लग आणि टोपी लावा. फिल्टर जागेवर असू द्या. चोक न लावता दोरी ओढा.

दोन-तीन सेकंद चालून बंद पडला, तर ठिणगी ठीक आहे, दाब ठीक आहे, पेट्रोल मात्र स्वतःहून येत नाही. सातवा टप्पा.

फट्‌ असा आवाजही नाही, तर आठवा.

दोरी हातातून उलटी हिसकली किंवा सायलेन्सरमधून बार आला, तरीही आठवा. कार्बोरेटरला हात लावू नका.

पाव चमच्यापेक्षा जास्त पेट्रोल टाकू नका. सांडलेलं पुसून, वाफ उडाल्यावरच दोरी ओढा.

## ७. कार्बोरेटर

इतके टप्पे पार करून इथे आलात तर आता तो खोलण्यात अर्थ आहे. आणि तरीही लगेच पूर्ण काढू नका.

१. कॉक बंद करा. कॉक नसेल तर टाकी रिकामी करा किंवा पाइप चिमट्याने दाबून ठेवा.

२. बाऊलच्या खालचा बोल्ट (बहुतेक १० मिमीचा) खाली वाटी धरून सोडा. बाऊल अलगद खाली घ्या. रबरी रिंग कशी बसली होती ते बघा. ती ताणू नका, पेट्रोलमध्ये भिजवूनही ठेवू नका. फुगली तर परत खाचेत बसत नाही.

३. बाऊलमध्ये काय आहे ते बघा. तपकिरी चिकट थर म्हणजे शिळं पेट्रोल. पांढरी पूड म्हणजे पाण्याने धातू खाल्ला. पूड खरवडल्यावर खड्डे खोल दिसले तर साफसफाई फार काळ टिकत नाही, कार्बोरेटर बदललेला बरा.

४. मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्राचं तोंड, शोधा. तो मधल्या नळीत असतो, काही इंजिनांत बाऊलच्या बोल्टमध्येच असतो. बोल्टला आडवी बारीक छिद्रं दिसली तर तोच जेट. स्प्रे मारा, मग तांब्याची बारीक तार फिरवा आणि उजेडासमोर धरा. छिद्र गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. सुई, टाचणी, ड्रिलची पिन घालू नका. छिद्र केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

५. जेटच्या वरची नळी खाली सरकून येते. तिच्या बाजूच्या छिद्रांत स्प्रे मारा. ही नळी न काढता नुसता जेट साफ केला म्हणून महिन्याभरात तोच त्रास परत येतो.

६. फ्लोट (बाऊलमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग) बोटाने वर-खाली करा. वर नेल्यावर पेट्रोल थांबायला हवं, खाली सोडल्यावर यायला हवं. फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटून भरला आहे. फ्लोटबरोबर हलणाऱ्या, पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या टोकावर खाच पडली असेल तर ती बदला, नाहीतर पेट्रोल सतत वाहून ऑईलमध्येही उतरेल. ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑईल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

७. बाऊल, रिंग, बोल्ट परत लावा. पेट्रोल सोडा आणि पाच मिनिटं गळती बघा.

एवढ्याने झालं नाही तरच कार्बोरेटर पूर्ण उतरवा. त्याआधी गव्हर्नरच्या स्प्रिंगा आणि काड्यांचा फोटो काढा, कोणती कोणत्या भोकात आहे ते स्पष्ट दिसेल असा. गॅस्केट (जोडांमधल्या पातळ चकत्या) ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. त्यांची अदलाबदल झाली तर हवेची छिद्रं बुजतात.

बाहेरचे स्क्रू फिरवून बघण्याचा मोह आवरा. कालपर्यंत नीट चालणाऱ्या मोव्हरचा स्क्रू आपोआप फिरत नाही. सफाईसाठी काढायचाच असेल तर आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहा, आणि परत तितकाच बाहेर ठेवा. काही जण नाशिकच्या उंचीसाठी जेट बदलायला सांगतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, एवढ्या उंचीला जेट बदलायची गरज पडत नाही.

## ८. दाब आणि फ्लायव्हीलची चावी

प्लग लावून दोरी हळू ओढा, मग प्लग काढून ओढा. दोन्हीत स्पष्ट फरक जाणवला पाहिजे. फरकच नसेल तर दाब गेला आहे. प्लगच्या भोकात एक चमचा इंजिन ऑईल टाका आणि परत बघा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, वाढला नाही तर व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा हेडची गॅस्केट गेली आहे. दोन्ही कामं कारागिराची.

उलट दोरी फार जड लागत असेल, ओढताना मध्येच ठाम अडत असेल, तर व्हॉल्व्हची फट वाढलेली असू शकते. सुरू करताना दाब थोडा सोडणारी यंत्रणा त्या फटीवर अवलंबून असते. जीएक्सव्ही १६० ला इंजिन थंड असताना इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१५ आणि एक्झॉस्टला (धूर सोडणाऱ्याला) ०.२० मिमी फट लागते.

आणि आता नाशिकमध्ये फार दिसणारा बिघाड. नवीन बंगल्याच्या लॉनमध्ये काळ्या दगडाचे तुकडे वर येतात, स्प्रिंकलरचं तोंड गवतात लपतं, चेंबरच्या झाकणाची कड वर असते. पातं त्यावर आपटतं, इंजिन एकदम थांबतं आणि त्यानंतर सुरूच होत नाही, किंवा दोरी उलटी हिसकते. फ्लायव्हील आणि क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) मध्ये एक छोटी चावी असते. तिने दोघांच्या खाचा एका रेषेत धरलेल्या असतात, म्हणून ठिणगी योग्य क्षणी पडते. आपटल्यावर चावी कापली जाते, फ्लायव्हील किंचित सरकतं, आणि ठिणगी निळी दिसली तरी चुकीच्या वेळी पडते.

दोरीचं कव्हर आणि वरचा नट काढून बघा. दोन्ही खाचा समोरासमोर हव्यात. एक मिलिमीटर जरी सरकलेल्या दिसल्या तरी चावी बदलायची. तीच, त्याच मापाची. खिळा किंवा घासून केलेला लोखंडी तुकडा घालू नका. बऱ्याच इंजिनांत चावी मुद्दाम मऊ धातूची असते, पुढच्या धक्क्यात क्रँक वाचावा म्हणून. फ्लायव्हीलवर हातोडी मारू नका, पुलर (चाक ओढून काढायचं साधन) लावा. पुलर नसेल तर हे काम कारागिराकडेच द्या.

पात्याचा बोल्टही याच वेळी बघा. पातं सैल असलं तरी दोरी हिसकते. आपटल्यावर पातं वाकलं असेल तर ठोकून सरळ करू नका, बदला.

## सुरू होतो, पण गरम झाल्यावर परत सुरू होत नाही

आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. त्याने फरक पडला तर छिद्र बुजलं आहे. नसेल तर इंजिन गरम असतानाच ठिणगी बघा. थंड असताना चांगली आणि गरम झाल्यावर गायब, म्हणजे कॉइल जाते आहे. गरम सायलेन्सरपासून हात सांभाळा.

## कारागिराकडे नेताना

मोव्हरची दुकानं कमी असली तरी पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, ओझरकडे फवारणीच्या आणि पाण्याच्या पंपांची छोटी इंजिनं दुरुस्त करणारे हाताचे पक्के कारागीर आहेत, आणि मोव्हरचं इंजिन त्यांना परकं नाही. जाताना टाकी रिकामी करा. काढलेला जुना प्लग बरोबर न्या. काय तपासलं, प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी कशी होती, पातं कशावर आपटलं होतं का, हे कागदावर लिहून द्या. नुसतं बंद आहे असं सांगितलं तर त्याला पहिल्यापासून सगळं करावं लागतं आणि मजुरी तुमच्यावर चढते.

## पुढच्या वर्षी हाच त्रास नको असेल तर

महिन्याभरापेक्षा जास्त मोव्हर ठेवून द्यायचा असेल तर टाकी रिकामी करा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि मग बाऊलचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढा. ऑईल बदला. डेक खरवडा. प्लग काढून चमचाभर ऑईल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा. शेवटी दोरी अडल्यासारखी लागेपर्यंत ओढून तिथेच सोडा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील आणि ओलावा आत जाणार नाही.

वर जुनी सुती चादर टाका. प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो आणि गंज चढतो. सायलेन्सरच्या तोंडावर कापडाचा बोळा खोचा, आणि बाहेर काढताना तो काढायचा आहे अशी चिठ्ठी हँडलला बांधून ठेवा.